माहिती खात्याचा माईक

मित्रांनो, माहिती खात्याच्या सभागृहातल्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, एका तुटक्या रिमोटशेजारी मी पडून असतो. मी एक जुना बिनतारी माईक आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काही और होता. अंगावर चकचकीत काळा रंग, डोक्यावर जाळी आणि आवाज इतका स्वच्छ, की साहेबांनी दाबलेला ढेकरही शेवटच्या रांगेला कळायचा.

मला सांभाळायचे साऊंडवाले मामा. सारं खातंच त्यांना मामा म्हणे.

दरवर्षी आमच्याकडे कॉलेजच्या मुलांचा मेळावा भरे. सरकारच्या सूचना, बातम्या, जाहिराती तयार करण्याच्या कामात ज्यांना यायचं असेल, त्यांनी अधिकाऱ्यांना भेटावं, ओळखी वाढवाव्यात, प्रश्न विचारावेत, असा बेत असे. प्रत्यक्षात अधिकारीच बोलत आणि मुलं खुर्चीत चुळबुळत. लोकांचं ऐकून घेणं हेच आपलं खरं काम, हे मोठे साहेब तासभर समजावून सांगत.

एका वर्षी मामांची सख्खी भाची आली. तिला याच खात्यात नोकरी हवी होती. मेळावा सुरू होण्याआधी रिकाम्या सभागृहात तिने मला हातात घेऊन तालीम केली.

"माझी आजी एकटी राहते. पाणी बंद राहणार ही तुमची सूचना तिने पुन्हा पुन्हा वाचली, तरी तिला कळली नाही. सूचना काढण्याआधी तुम्ही ती कुणाला वाचून दाखवता का?"

तिचा आवाज खणखणीत होता.

"अस्संच विचार," मामा म्हणाले. "साहेब लक्षात ठेवतील बघ तुला."

साहेबांचं भाषण लांबलं. माझा लाल दिवा लुकलुकू लागला. मामा नवे सेल मुठीत धरून स्टेजच्या पायरीशी आले, पण साहेबांना मध्येच कसं थांबवायचं, म्हणून तिथेच घुटमळले. त्यांची ती भीड मला अजून खुपते. अखेर भाषण आटोपलं आणि मी हातोहाती भाचीपर्यंत पोहोचलो.

"माझी आजी एकटी राहते," ती म्हणाली आणि माझा जीव गेला.

तिचे ओठ हलत राहिले. साहेब स्टेजवरूनच मोठ्याने म्हणाले, "आजींना आमचा नमस्कार सांगा हं." सगळे हसले. चहा तयारच होता, लोक उठले.

मामा धावत आले. "सेल घालतो. नाहीतर चल, साहेब तिकडे चहा घेताहेत, जाऊन विचार."

"नको मामा. ऐकायचं असतं तर परत विचार म्हणाले असते."

ती पुन्हा कधी मेळाव्याला आली नाही. आता दातांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, पेशंटचे नंबर लावते. चार लोकांत बोलायचं कामच नको म्हणते, असं मामा एकदा शिपायाला सांगत होते. पुढे मामा निवृत्त झाले, कॉलरला लावायचे माईक आले आणि मी खणात गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्या भरल्या सभागृहात तिचा प्रश्न फक्त मामांना आणि मला ठाऊक होता, आणि आम्ही दोघेही मुके राहिलो, याचं मात्र फार वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची जाळी पुसत जा, सेल वेळेवर बदलत जा. आणि कुणाचं बोलणं मध्येच तुटलं, तर "तू काय म्हणत होतीस?" एवढं तरी विचारा. तेवढ्याला माईक लागत नाही.