दस्त्यावरची हळद

सकाळचं ऊन देवपूरच्या आमच्या गॅलरीत तिरपं उतरायचं आणि त्या उन्हात लाकडाची बारीक भुकटी तरंगत असायची. तिच्यामागे बनियन-पायजम्यातले, मांडीवर रायफलचा लाकडी दस्ता आडवा घेतलेले आबा. खर्र, खर्र, किंचित विराम, पुन्हा खर्र. पॉलिशपेपरचा तो ध्वनी इतका एकसुरी आणि इतका निष्ठावंत होता की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं मी विसरायची आणि वरणाचा पार गाळ व्हायचा. आबा म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा आणि त्यामागून आलेला शरद त्यांनी मला त्या आवाजावर काढायला लावला, आणि खरं सांगते, माणूस कितीही सोशीक असला तरी त्याच्या कानांना काही मर्यादा असते.

रायफल मुळात फौजेची. तिथलं तिचं आयुष्य संपल्यावर ती बाद होऊन बाहेर पडली, आणि आबा फौजेतून निवृत्त होऊन शिरपूरकडच्या आपल्या शेतावर परतले तेव्हा रानडुकरांपासून पीक राखायचं म्हणून त्यांनी ती परवान्यावर घेतली. एकाच नोकरीतून घरी पाठवलेले दोघे. तिने डुकरं किती मारली ते देव जाणे. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात की त्या आवाजाने शेजाऱ्यांची म्हैस आटली, बाकी काही झालं नाही. पुढे शेत वाट्याने दिलं, बिऱ्हाड धुळ्याला देवपुरात आलं आणि रायफल आमच्या पुढच्या खोलीत दोन खुंट्यांवर विसावली.

आता आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, चहाचा कप बशीवर वाजतो इतका हात थरथरतो. घरात बंदूक नको, असं मीच म्हटलं होतं. आजही म्हणेन. माझ्या नवऱ्याला तिच्यात काडीचा रस नाही, मग ती ठेवायची कोणासाठी? मला वाटलं होतं, आबा आकाशपाताळ एक करतील. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "दिवायी व्हई गयी का जमा करी देसू. पन अशी मैली नही."

इथेच माझ्या हालांना आरंभ झाला. ज्या वस्तूला उद्या पोलिसांच्या कोठारातल्या अंधारात पडायचं आहे, जिच्यावर पाली नांदणार आहेत, तिला आज न्हाऊमाखू घालायचं कशासाठी, हा माझा प्रश्न साधा होता. लोखंडी भाग काढून कपाटात कुलूपबंद झाला आणि लाकूड गॅलरीत आलं. वर्षानुवर्षं थापलेलं काळपट व्हार्निश आबांनी काचेच्या तुकड्याने खरवडलं, त्या खपल्या माझ्या तुळशीत पडल्या. लाकडाला पडलेले पोचे वर काढायला ओलं फडकं ठेवून त्यावर तापती इस्त्री टेकवायची असते. ती इस्त्री अर्थातच माझी. ओल्या फडक्यातून चुर्र वाफ निघायची, दबलेला लाकडाचा जीव हळूहळू वर यायचा, आबांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं समाधान पसरायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर तपकिरी पट्टा उमटायचा.

पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा असायचा, हे मान्य केलं पाहिजे. डोळ्यांनी नीट दिसत नसल्यामुळे ते डोळे मिटूनच घेत आणि अंगठा लाकडावरून सरकवत जात, इतक्या सावकाश की जणू झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये. कुठे खरखर लागली की भुवई उंचावायची, तिथेच कागद फिरायचा. कपाची बशी वाजवणारा तो हात लाकडावर टेकला की थरथरत नसे. दस्त्याच्या एका कडेला फौजेने ठोकलेला एक अंक होता, पुसट झालेला. त्याच्यावर डाव्या हाताच्या अंगठ्याचं झाकण ठेवून ते त्याच्या भोवतीचंच लाकूड घासत. मी एकदा विचारलं, "आबा, तो नंबर कुणाचा?" म्हणाले, "काय माहीत. मनाआगोदर जो कोनी व्हता त्याना." म्हणजे त्यांच्याआधी ती वागवणाऱ्या कुणा सैनिकाचा. आणि पुन्हा खर्र.

घासून घासून ते अक्रोडाचं लाकूड अगदी उघडं झालं, धुतलेल्या बटाट्यासारखं फिकट. आता फक्त जवसाचं तेल द्यायचं राहिलं होतं, आणि आबांचं म्हणणं असं की दसऱ्याचा सण होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग निवांत तेल देऊ. हीच ती चूक. आमच्याकडे दसऱ्याला घरातली झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडतात, विळी, कोयता, कात्री आणि अर्थात रायफल. दरवर्षी अक्का हळद तेलात कालवून पाची बोटं दस्त्यावर उठवत, आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी आबा ती ओल्या फडक्याने पुसून टाकत. व्हार्निशवरून ती अलगद निघूनही जाई. या वर्षी लोखंड कपाटात होतं म्हणून अक्कांनी नुसतं लाकूडच पाटावर घेतलं आणि त्याच्यावर बोटं उठवली, तीही जरा जास्तच भक्तीने. आबा तेव्हा चौकातून आपट्याची पानं आणायला गेले होते. ते परत येईपर्यंत त्या तहानलेल्या लाकडाने हळद पार आत ओढून घेतली होती.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "बठ्ठी मेहनत पानीमा गयी!" आबा गरजले. "कोरं लाकूड शे, दिसनं नही का तुले?"

"दसराले हत्यार बिगर हयदनं ठेवाले चालस का?" अक्कांचा आवाजही काही कमी नव्हता. "उनमा ठेवा. उनमा हयद उडी जास."

"हयद उडी जाई आनि लाकूड फाटी जाई!"

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. हळदीचा डाग उन्हात उडतो हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि आमच्या उन्हात लाकूड तडकतं हे प्रत्येक सुताराला. मी मधे पडले आणि दोघांचीही बोलणी खाल्ली. आबांनी पुन्हा कागद घेतला, पुन्हा खर्र सुरू झालं, मी कपाळावर हात मारून घेतला. पण हळद लाकडाच्या रेषारेषांतून खोल उतरली होती. आणखी घासलं असतं तर लाकूड झिजून खाली गेलं असतं आणि दस्त्याच्या टोकाला बसवायची लोखंडी पट्टी त्याच्यावर उंच राहिली असती. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला. दिवसभर अक्कांशी अबोला धरला, आणि संध्याकाळी तळहातावर तेलाचे थेंब घेऊन ते लाकडात जिरवायला बसले.

ते दिवस सुंदर होते, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण अख्ख्या घराला जवसाचा उग्र वास मारत होता आणि तेलाच्या चिंध्या माझ्या साड्यांच्या शेजारी दोरीवर वाळत होत्या. बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात म्हणे. थेंब टाकायचा, तळहात तापेपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, पुन्हा थेंब. पण आश्विनातलं ते सकाळचं कोवळं ऊन जेव्हा गॅलरीत येई तेव्हा लाकडाच्या आतून एक तांबूस उजेड वर यायला लागे, आणि त्या उजेडात अक्कांची पाची बोटं, मधाच्या रंगाची, स्पष्ट दिसत. तेलाने ती कायमची बंद झाली होती. आबा त्या जागेवरही तितकंच चोळत, कदाचित जास्त. मी बघते आहे असं वाटलं की हात पुढे सरकवत.

दिवाळी झाल्यावर बापलेक रिक्षाने जाऊन रायफल जमा करून आले. नवरा सांगत होता, तिथल्या हवालदाराने चिठ्ठी बांधता बांधता दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आबा, चमकवली तर भारीच. पण हे पिवळं काय राहिलं?" आबा म्हणाले, "राहू द्या ते." बस, इतकंच.

मला वाटलं होतं, आता शांतता नांदेल. कसली शांतता! त्यानंतर आबा गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत आणि त्यांचा उजवा तळहात खुर्चीच्या दांड्यावर मागेपुढे फिरत राही. प्लॅस्टिकचा आवाज लाकडापेक्षा वाईट असतो. उन्हाळा गेला, पाऊस आला, हात फिरतच राहिला. तेलाने काळवंडलेल्या त्या तळव्याच्या रेषा कोणत्याही साबणाला दाद देईनात. आणि रिकाम्या खुंट्यांवर मी दिनदर्शिका टांगली तरी आबा भिंतीकडे बघत ते तिथी पाहायला नाही, एवढं मलाही कळत होतं.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर विळी, कोयता, कात्री मांडली, आणि शेवटची जागा मोकळी राहिली. अक्का हळदीची वाटी घेऊन क्षणभर थांबल्या. मग गॅलरीत गेल्या. "हात द्या तुमना."

"कसाले?"

"हत्यारच शे ना ते." आणि त्यांनी पाची बोटं आबांच्या तळहातावर उठवली.

"लाकूड नासाडं, आते माले नासाडस का?" आबा खेकसले. मीही म्हटलं, चला, आता हळदीचे हात खुर्चीला, भिंतीला, पडद्याला. पण त्या दिवशी हात फिरला नाही. दुपार होईतो आबा उन्हात बसून होते, ऊन त्यांच्या मांडीवर होतं, गुडघ्यांवर होतं. उजवी मूठ मात्र त्यांनी घट्ट मिटून पंच्याखाली सावलीत ठेवली होती. उन्हात हळद उडते हे आता त्यांनाही पटलं होतं.

रायफल गेली की घर मोकळं होईल असं मला वाटत होतं. पण गेलेली वस्तू जागा सोडत नाही, ती भिंतीवरून उतरते आणि माणसाच्या मुठीत येऊन बसते, आणि तिथून तिला कुठे नेऊन जमा करायचं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.