शक्यतोकाकांची उलटतपासणी

माझ्या अशिलाला कशाचंही छातीठोक उत्तर देता येत नसे. इमारतींचे आराखडे तपासण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण "चहा घेणार का?" विचारलं तरी म्हणायचे, "शक्यतो हो." घरात आम्ही त्यांचं नावच शक्यतोकाका ठेवलं होतं.

त्यांनी तपासलेलं एका सभागृहाचं छत तडकलं आणि मालक कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला. हरलो तर काकांचा परवाना जाणार होता. बाळंतपणानंतरचा माझा हा पहिलाच खटला.

उलटतपासणीची तालीम आमच्याच बैठकीच्या खोलीत. बाळ माझ्या मांडीवर, आणि समोरचे वकील म्हणून सासूबाई.

"छत पक्कं होतं की नव्हतं?" सासूबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"तसं पाहिलं तर वाळूची प्रत, हवामान..."

"हो की नाही? आमच्या चिरंजीवांसारखं गोलगोल बोलू नका!"

"शंभर टक्के असं काहीच नसतं हो, वहिनी."

"वकीलबाई म्हणा!"

हसू आवरत मी म्हटलं, "काका, विचारतील तेवढंच बोला. पुढे एक शब्द नाही."

कोर्टात त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

"तुमची आकडेमोड चुकू शकते?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"हो."

मी डोळे मिटून घेतले. वकिलांनी तिथेच खाली बसायला हवं होतं, पण त्यांना चेव चढला.

"चुकू शकते, आणि तरी त्या छताखाली माणसं बसू दिलीत? कशाच्या भरवशावर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आता तर विचारलंच होतं!

"चुकू शकते म्हणूनच लागेल त्याच्या दुप्पट वजनासाठी छत बांधायला लावलं. तुमच्या अशिलांनी मला न विचारता त्यावर बाग केली. ओली माती, झाडं, कारंजं. तरी ते नुसतं तडकलं, साहेब. पडलं नाही. खाली कुणाला साधं खरचटलंही नाही."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "कारंजंसुद्धा?"

"दगडी हत्तीसकट."

दावा फेटाळल्याचं ऐकलं त्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्यांना म्हटलं, "काका, घरी चला, सासूबाई वाट बघतायत." पण ते कोट न उतरवताच हेल्मेट चढवून निघालेसुद्धा.

"संध्याकाळी येतो गं. तिकडे स्लॅब ओतायचा खोळंबलाय, माझी सही हवीय त्यांना!"