ढब्बू कुणाच्या नावावर

रविवारी सकाळी चष्मेवाल्याने सासऱ्यांच्या कुत्र्याला, ढब्बूला, मागच्या जिन्याने आणून गाडीत घातलं, गावाबाहेर गोदामांच्या रांगेपाशी नेऊन उतरवलं, गळ्यातला फोन नंबर लिहिलेला पट्टा सोडवून घेतला आणि मागे वळून न बघता घरी आला. येताना वाटेत ब्रेड घेतला. कुणी विचारलं तर ब्रेड आणायला गेलो होतो म्हणता यावं, एवढं त्याने ठरवून ठेवलं होतं.

सासरे दारातच उभे होते. रोज सकाळी ते खाली पेपर आणायला जात आणि तासभर बाकावर बसून वाचत. आज वर आले तर ढब्बू घरात नव्हता.

"जावईबुवा, मी कडी लावायला विसरलो वाटतं," ते म्हणाले. "गेला तो. माझ्यामुळे गेला."

चष्मेवाल्याने ब्रेडची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "सापडेल, बाबा." सुंठेवाचून खोकला गेला, असा एक विचार मनात येऊन गेला आणि त्याची त्याला तेव्हाच शरम वाटली.

तसा तो दुष्ट माणूस नव्हता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसेपर्यंत दहा वेळा दांड्या वाकवून द्यायचा. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना घरी आणू, कुत्र्यासकट आणू, असं बायकोला तोच म्हणाला होता. पण सासरे रोज दहाला वाचनालयात जात, आणि ते गेले की ढब्बू एक वाजेपर्यंत गळा काढून रडे. शेजारी वैतागले. घरमालकाची दोन पत्रं आली: महिनाअखेरीपर्यंत कुत्रा तरी जाईल, नाहीतर तुम्ही. सासऱ्यांचं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं, यंत्रांच्या धडधडाटात कान गेलेले. आपला कुत्रा रडतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नवराबायकोने ती पत्रं कपाटात दडवली. "काहीतरी कर बाबा तू," असं म्हणून बायको इस्पितळात कामाला जायची.

तर त्याने काहीतरी केलं होतं.

रविवारी दुपारी पानावर बसल्यावर सासरे म्हणाले, "पट्टा कुठे गळून पडला तरी एक बरं, तुम्ही ती चिप बसवून घेतलीत. तेवढाच धीर आहे बघा."

चष्मेवाल्याने हातातला घास परत पानात ठेवला. पट्टा सोडताना चिप त्याच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. सहा महिन्यांपूर्वी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं आणि त्यानेच उत्साहाने हो म्हटलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, जाड सुईने मानेखाली टोचून बसवली होती. सासऱ्यांनी तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे हा कुठे गेला ते फोनवर दिसणार?"

"नाही हो आजोबा," बाई मोठ्याने म्हणाल्या होत्या. "ही कुणाला शोधत नाही. याला कुणीतरी उचलून आमच्यासारख्यांकडे आणायला हवं. यंत्र फिरवलं की नंबर दिसतो, आणि नंबरावरून मालकाचा फोन."

"म्हणजे भल्या माणसाच्या हाती लागला तरच."

"तरच. पण पट्टा तुटतो, हरवतो. ही कुठे जात नाही."

सासऱ्यांना फोनवर ऐकू येत नसल्यामुळे नोंदीत चष्मेवाल्याचाच नंबर घातला होता. आता तो फोन वाजला की नंबर बघायलाही तो घाबरायचा, आणि वाजला नाही की दर पाच मिनिटांनी खिशातून काढून बघायचा. रोज संध्याकाळी सासरे जिन्यातच गाठायचे. "फोन आला?" "नाही आला." "येईल. चिप आहे ना."

गुरुवारी त्यांनी जावयाच्या हातात एक कागद दिला. दुकानाच्या काचेवर लावायला. ओळींची सुरुवात अशी एकाखाली एक, की पट्टीने आखल्यासारखी. त्यात ढब्बूचा रंग होता, वय होतं, फाटका डावा कान होता, आणि शेवटी लिहिलं होतं: "माझ्या निष्काळजीपणामुळे हरवला आहे."

ते एक वाक्य चष्मेवाल्याने दिवसभर काचेच्या आतल्या बाजूने, उलटं वाचलं. शुक्रवारी तो दुकानात गेलाच नाही.

गोदामापाशी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. "फाटक्या कानाचा ना? तीन दिवस इथून हलला नाही. गाडी थांबली की उठायचा, वास घ्यायचा, परत बसायचा. बुधवारी प्राणी-निवाऱ्याची माणसं घेऊन गेली." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुमचा होता का?"

"माझ्या सासऱ्यांचा," चष्मेवाला म्हणाला आणि त्याची नजर चुकवून गाडीत बसला.

निवाऱ्यातल्या बाईंनी वहीत बघून मान हलवली. "त्याला चिप नाही. आल्याबरोबर यंत्र फिरवलं होतं."

"आहे. माझ्यादेखत बसवली."

त्यांनी ढब्बूला आणलं. जखमेमुळे एक पाय बांधलेला, पाठ धुळीने राखाडी. चष्मेवाल्याला बघताच त्याने लंगडत झेप घेतली आणि त्याचे हात चाटू लागला. शेपटीबरोबर अख्खं अंग हलत होतं. "बघा, कसा ओळखतो!" बाई हसल्या. चष्मेवाल्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मानेखाली यंत्र गप्प राहिलं. पाठीवर, पोटावरही गप्पच. शेवटी पुढच्या डाव्या पायाच्या कोपराशी ते वाजलं.

"सरकली होती," बाई म्हणाल्या. "क्वचित होतं असं. चूक आमचीही आहे, सगळं अंग बघायला हवं होतं. सोमवारी हा दुसऱ्या घरी जायचा होता हो." नोंद भरताना त्या सहज म्हणाल्या, "गळ्यात नुसता पट्टा असता ना, तर बुधवारीच तुम्हाला फोन केला असता."

चष्मेवाल्याने सांगितलेल्या जागी सही केली.

सासरे खाली बाकावर होते. कुत्र्याला बघून ते उठले, आणि उठता उठताच गुडघ्यांवर बसले. बराच वेळ दोघांपैकी कोण कुणाला धरून आहे ते कळत नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसत वर पाहिलं. "चिपनेच आणला ना?"

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. उलट शाबासकीच मिळाली असती.

"बाबा, कडी तुम्ही लावली होती."

"काय म्हणालात?"

"कडी तुम्ही लावली होती!" त्याला ओरडावं लागलं. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. "मी नेऊन सोडला त्याला! गोदामापाशी! मी!"

अख्ख्या इमारतीने ऐकलं. सासऱ्यांनीही ऐकलं. त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं.

"का?" त्यांनी विचारलं.

त्याने वर जाऊन पत्रं आणली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पत्रं दोनदा वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पण वाचता येतं."

पुढचं सगळं त्यांनी दोन दिवसांत उरकलं. घरमालकाला स्वतः भेटले. वाचनालयात जाणं बंद केलं. दहा ते एक ढब्बूला घेऊन बाकावर बसू लागले. रडणं थांबलं, पत्रं थांबली. इतकं सोपं होतं ते. त्याने कबुली दिली त्या रात्री बायको म्हणाली, "मलाही थोडं कळलं होतं रे. मी विचारलं नाही." आणि कूस बदलून पडून राहिली.

पुढच्या आठवड्यात सासरे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. नोंदीवर तुमची सही लागेल." जावईबुवा म्हणणं त्यांनी सोडलं होतं.

बाईंनी पाय तपासला, चिप कुठे आहे ते नोंदवलं. फोनच्या रकान्यात सासऱ्यांनी लेकीचा नंबर सांगितला.

"यांचा बंद झाला का?" बाईंनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवून विचारलं.

सासऱ्यांना ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं. ते ढब्बूचा फाटका कान कुरवाळत राहिले.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "चालू आहे." आणि कागद पुढे ओढून त्याने सही केली.