समोरची पार्टी

"समोरची पार्टी कोन्ती हाय गा?" मामाजींनी फोनवर ओरडून विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं.

"नागपूरची हाय काका. लय मोठी पार्टी. तुमच्यामागून तेच," पलीकडून विनोद म्हणाला. भंडाऱ्याच्या महोत्सवाची सगळी धावपळ हाच पोरगा करतो.

"मंग येतो," म्हणून मामाजींनी भिंतीवरचा डफ काढला.

मामाजी म्हणजे माझे सासरे, तेजराम शाहीर. ते खडी गंमत करायचे. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एक गाण्यातून सवाल टाकते, दुसरी गाण्यातूनच जवाब देते. आमच्याकडच्या समोरच्या पार्ट्या एकेक करून संपल्या. कोणी गेले, कोणाचा गळा गेला. त्यामुळे नागपूरची पार्टी म्हटल्यावर मामाजींना जेवण सुचेना. पहाटे मी छकुलीला पाजायला उठले, की ते अंगणात डफ शेकत ओठांतल्या ओठांत शब्द जुळवताना दिसायचे.

"नवा सवाल बांधून राहिलो बाई. नागपूरवाल्यायले जुना कायले द्यायचा?"

महोत्सवाच्या मैदानात स्टेजमागे माणसापेक्षा उंच स्पीकर रचलेले होते. त्यांच्या मधोमध कानाला हेडफोन लावलेला एक पोरगा वायरी जोडत होता. मामाजींनी फेटा सारखा केला आणि त्याच्यापुढे हात जोडले. दुय्यमला, म्हणजे सवाल-जवाबाच्या सामन्याला, उभं राहण्याआधी तशी रीत आहे.

"नागपूरची पार्टी तुमीच काय जी?"

"हो अंकल."

"शाहीर कोन तुमचा?"

"शायर? नाही अंकल, मी एकटाच."

मामाजी मागे वळून तुणतुणेवाल्या मारोतरावांना म्हणाले, "एकटा हाय. हिंमत पाहा पोट्ट्याची."

"हा गात नाही वाटते, तेजराम."

"गाल्याबिगर पार्टी होते काय? तू तार लाव."

माझ्या नवऱ्यानं, अतुलनं, काही सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामाजींचं नाव पुकारलं गेलं.

सुरुवातीच्या गणात त्यांचा आवाज थोडा थरथरला, मग बसला. पुढची पोरं मोबाइलमध्ये होती. "काका, डीजे लावा," कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मामाजींना तो ऐकू गेला नसावा. त्यांनी डफावर थाप दिली आणि सवाल टाकला:

"जातं हाय पन दाना नाही, चूल हाय पन जाळ नाही,
सांग शाहिरा, गाव कोन्तं, माशाबिगर जिथं बाळ नाही?"

आणि ते उभे राहिले. सवाल टाकणारा जवाब येईस्तोवर बसत नाही.

विनोद स्टेजवर आला. "झालं काका?"

"त्याइचा जवाब येऊ दे."

विनोदनं हेडफोनवाल्या पोराकडे पाहिलं. पोराला वाटलं, खूण झाली.

त्यानं डीजे सुरू केला आणि छातीत धडधड उठली. अख्खं मैदान उभं झालं. माझ्या कडेवरची छकुलीही दोन्ही हात वर करून उसळ्या घेऊ लागली. तिला तरी काय म्हणून थांबवायचं? मामाजी मात्र स्पीकरकडे कान करून, डोळे बारीक करून ऐकत होते. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. त्या गदारोळातून ते एकेक शब्द वेचत होते.

शेवटी विनोदनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि दंडाला धरून खाली आणलं. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"काय म्हनलं वो त्यानं? मले समजलं नाही."

सवाल अवघड नव्हता. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेलं आमचं जुनं गाव. मी लग्न होऊन आले ती पुनर्वसनाच्या वस्तीत. पण त्या गावातली घरं मला मामाजींच्या तोंडून पाठ आहेत. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी गावाचं नाव सांगितलं.

ते हसले. छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"घरच्याचा जवाब चालत नाही, बाई. समोरून आला पाह्यजे."

परतताना छोटा हत्ती टेम्पोत मागे आम्ही सगळे पोत्यांवर बसलो. छकुली झोपून गेली. मामाजी केबिनचा दांडा धरून उभे होते.

"बाबा, बसा ना जी. लय गड्डे हायेत," अतुल म्हणाला.

"बसतो."

अड्याळ मागे पडलं. वस्तीचे दिवे दिसायला लागले. दर गड्ड्याला त्यांचे गुडघे वाकत, आणि हळूहळू पुन्हा सरळ होत.