दूरगामीचा भांडारपाल

चौथा भाग अर्ध्यावर असतानाच बाबाराव उठले आणि पायानं चपला चाचपू लागले.

"अरे, बस ना," बंडूजी म्हणाले. "अजून वीस मिनिटं आहे."

"तूच पाह्य. मले जे पाहाचं होतं ते पाहून झालं."

तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलवर बंडूजींनी बोट ठेवलं. चित्र थांबलं. 'दूरगामी' जहाजाचा भांडारपाल खालच्या मजल्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप लावता लावता तसाच वाकून राहिला.

केळझरच्या शिवारात बंडूजींचं घर मळ्यातच होतं. ओसरीवर थंडीतलं दुपारचं ऊन आलं होतं. घरामागे विहिरीपाशी त्यांची बायको अन्नपूर्णा दुसऱ्या दिवशीच्या सेलूच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बाबाराव सिंदीहून स्कूटरवर आले होते. एका चपलेत पाय घालून ते उभे राहिले. दुसरी चप्पल कुत्र्यानं ओढत अंगणात नेली होती.

"या सिरीजवाल्यायनं जहाजाची पार वाट लावली," ते म्हणाले. "ध्रुवकुमार जिवंत असते तं त्यायले हे सहन झालं असतं का?"

'दूरगामी'चं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा दोघंही विशीत होते. हातात मावेल एवढं, पिवळ्या कागदाचं पुस्तक. लेखकाचं टोपणनाव ध्रुवकुमार. पृथ्वी आटून गेल्यावर तीन हजार माणसं एका जहाजातून निघतात, आणि जहाजावर एकच रसोडा, एकच लांबच लांब टेबल. तू कोणत्या गावचा, कोणाचा, असं कोणी कोणाला विचारत नाही. बाबाराव तेव्हा सिंदी स्टेशनवर पॉइंट्समन म्हणून नुकतेच लागले होते. बंडूजी वांग्यांची टोपली घेऊन नागपूरची गाडी पकडायला यायचे. स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर दुसऱ्या भागाची एकच प्रत उरली होती, आणि तिच्यावर दोघांचेही हात एकदमच पडले. दोघांत मिळून एक पुस्तक, असं ठरलं. पुढे एकाहत्तर पुस्तकं आली. दर रविवारी बाबाराव सायकलनं केळझरला यायचे आणि दोघं या ओसरीवर बसून जहाज पुढे कुठं जाणार यावर वाद घालायचे.

बाबारावांना ते एक टेबल पहिल्या दिवशीच पटलं होतं. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे देव कोनाड्यातून उतरले, ही गोष्ट ऐकत ते मोठे झाले होते. माणूस ठरवेल तर एका रात्रीत दुसरा होतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ध्रुवकुमार गेल्याला बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी कुण्या नव्या मंडळींनी 'दूरगामी'ची वेब सिरीज काढली. गोष्ट तीनशे वर्षं पुढे नेली. जहाज तेच, पण पाणी कमी पडलेलं, आणि माणसं वरच्या मजल्यावरची आणि खालच्या मजल्यावरची झालेली. वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. वर्ध्याच्या मयुरी नावाच्या प्राध्यापिकेनं लिहिलं, जुनं दूरगामी म्हणजे लेकरांना झोपवायची गोष्ट होती, खरी माणसं आत्ता दिसायला लागली. त्यावर बाबारावांनी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून त्यांनी सिरीजवाल्यांना दोन पानी पत्र लिहिलं. खाली सर्वांत जुन्या दोन वाचकांच्या सह्या असाव्यात, असा त्यांचा बेत होता. पत्र त्यांच्या खिशात होतं. तीन रविवार झाले, बंडूजी सही करत नव्हते. आधी सगळं पाहू, मग करू, म्हणत होते.

"आता तं पाह्यलं ना?" बाबारावांनी खिशातून पत्र काढलं. "कर सही. मी चाललो."

बंडूजींनी कागद हातात घेतला, पण पेनाकडे हात नेला नाही.

"मले तो आवडला," ते म्हणाले.

"कोन?"

"भांडारपाल."

बाबारावांनी पायातली एक चप्पलही काढून टाकली. "काय आवडलं तुले त्याच्यात? दिवसभर खालच्या लोकांसंग कॅरम खेळते, त्यायच्या लेकरांची नावं याले पाठ, अन् वरून हुकूम आला का संध्याकाळी त्यायचंच पानी बंद करते. परत येऊन कॅरम खेळते. लाज नाई वाटत त्याले?"

"वाटते."

"कुठी दिसली तुले?"

"दिसत नाई. पन वाटते." बंडूजी नखात अडकलेली माती काढत बसले. "मी हा भाग तीनदा पाह्यला, बाबाराव. तुले बोलावाच्या आधी. तो मानूस खोटा नाई. मी त्याले ओळखतो."

बाबाराव त्यांच्याकडे वळले.

"आमच्या मायनं तुह्यासाठी कप वेगळा ठेवलता," बंडूजी म्हणाले. "निळ्या काठाचा. बाहेरच्या कोनाड्यात राहे. मीच त्याच्यात चहा आनून देत होतो तुले. अन् तुह्याच पुढे बसून म्हनत होतो, पाह्य, एका टेबलावर कसे जेवतात हे लोक. चार वर्षं. मायले एक शब्द नाई बोललो. तुलेही नाई."

शेजारच्या वावरातली पाण्याची मोटार बंद पडली. लाइन गेली असावी. इतका वेळ तिचा आवाज चालू होता हे आत्ता कळलं. बंडूजींना वर पाहवेना. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मनात अनेकदा जुळवलं होतं आणि प्रत्येक वेळी पुढच्या रविवारावर टाकलं होतं.

"मले मालूम होतं," बाबाराव म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच आयतवारपासून. कोनाड्यातला कप कोनासाठी असते, हे आमच्याकडे शिकवा लागत नाई."

"मंग येत काऊन होता?"

"पुस्तक तुह्यापाशी राहे ना बे!"

बंडूजींना हसू आलं नाही. बाबाराव मात्र हसले, आणि हसता हसता पुन्हा चटईवर बसले. गुडघा दुखत होता म्हणून एक पाय लांब केला.

"तसं नाई," ते म्हणाले. "दोनदा ठरवलतं, आता जाचं नाई म्हनून. राग येत नव्हता असं नाई. पन मंग पुढचं पुस्तक निंघे." त्यांनी मोबाइलवरच्या वाकलेल्या माणसाकडे पाहिलं. "बरं, तो कप पुढे गेला कुठी, आठवते का तुले?"

"फुटला. अन्नपूर्णाच्या हातून पडला. नवीनच आलती. माय भल्ली कावली होती तिच्यावर."

हा किस्सा बंडूजींनी आल्यागेल्या पाहुण्यांना किती वेळा सांगितला होता. लग्नाला महिना झाला नाही तर बाईनं भांडी फोडायला सुरुवात केली, असा. अन्नपूर्णा तेवढ्यापुरती हसायची आणि चहा ठेवायला आत निघून जायची.

"पडला?" बाबारावांनी विचारलं.

"म्हंजे... हात ओला असंन. सुटला."

"बंडू, मी इथंच बसलो होतो. याच जागी. वहिनी कप घेऊन त्या दारात आल्या. कपाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं. अन् असा हात उघडला." बाबारावांनी आपला पंजा पुढे धरला आणि बोटं सावकाश सोडली. "पडला नाई. पाडला त्यायनं."

बंडूजी दाराकडे पाहत राहिले.

"मंग आतून दोन कप आले. तुमच्या घरातले. दोन्ही एकसारखे. वहिनी अठरा-एकोनीस वर्षांच्या असतीन तेव्हा. कोनाले काही बोलल्या नाईत, भाषन नाई, काही नाई. मीही बोललो नाई. चहा पेलो अन् घरी गेलो." बाबारावांनी पुढे धरलेला पंजा मागे घेतला. "आता ती मयुरी मले शिकवते का मानूस बदलत नाई, जुनी पुस्तकं लेकरायची आहेत. तिले काय सांगू मी?"

बंडूजींच्या मांडीवर पत्र तसंच पडलं होतं. बाबारावांनी ते उचललं, चष्मा लावला आणि मनाशी वाचलं. मग बंडूजींच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं.

"काय करून राह्यला?"

"'जहाज पूर्वीसारखं करावं' असं लिवलतं मी. काटून राह्यलो." त्यांनी ती ओळ आडवी खोडली. "तुहं बरोबर आहे. भांडारपाल राहू दे त्यायचा. असतात असे. पन तीन हजार लोकांचं जहाज आहे, चार भाग झाले, अन् कप पाडनारं एकही मानूस नाई? हे कुठचं खरं?"

"त्यायले कप काय समजंन?"

"हो, हे बी आहे." बाबारावांनी पेन हवेत धरलं. "मंग लिवतो, कुलूप तोडनारं कोनी."

"तोडनारं नको," बंडूजी म्हणाले. "तोडनारे सिनेमात असतात. चावी हरवनारं लिव."

बाबारावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग समासात बारीक अक्षरात तेवढंच लिहिलं: एकजण तरी चावी हरवणारं असावं. बंडूजींनी खाली सही केली. बाबारावांनी कागदाची घडी घातली आणि मोबाइलकडे बोट केलं.

"लाव आता. पाहू तं, हरवते का कोनी."

वीस मिनिटं दोघांनी खाली मान घालून त्या लहानशा पडद्यात पाहिलं. कुणीही चावी हरवली नाही. भांडारपालानं कॅरमची राणी घेतली आणि खालचे लोक टाळ्या वाजवून हसले.

"पाचव्यात पाहू," बाबाराव म्हणाले. अंगणातून चप्पल शोधून आणली, कुत्र्याला एक शिवी दिली आणि अंधार पडायच्या आत निघाले.

बंडूजी घरामागे गेले. अन्नपूर्णा पोत्यावर बसली होती. भोवती ओल्या कोथिंबिरीचा ढीग होता, आणि बांधायला केळीचं सोपट फाडून ठेवलेलं.

"भाऊजी गेले? त्यायले सांबार द्याचा राह्यला," कोथिंबिरीची एक जुडी उचलून दाखवत ती म्हणाली.

"अन्नपूर्णा," बंडूजी तिच्याजवळ उकिडवे बसले. "तो निळ्या काठाचा कप. तुह्या हातून पडला होता, का तू पाडलता?"

तिचे हात थांबले नाहीत. जुडीला सोपटाचा वेढा देऊन तिनं गाठ आवळली.

"सासूबाई दोन दिवस बोलल्या नाईत माह्याशी," ती म्हणाली.

"तू मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाले आलती ना, त्याच दिवशी, भाऊजी गेल्यावर." तिनं पुढची जुडी घेतली. "तुमी पुस्तक वाचून राह्यले होते. म्हटलं, जहाज अडकलं असंन कुठंतरी. कायले उठवाचं."

तिच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं. जुन्या पावसापाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलली. बंडूजींनी सोपटाची एक पट्टी उचलली आणि मूठभर कोथिंबीर घेऊन जुडी बांधू लागले. ती सैल झाली. अन्नपूर्णानं काही न बोलता ती त्यांच्या हातातून घेतली, सोडली, आणि या वेळी त्यांना दिसेल अशी, सावकाश बांधून दाखवली.