तळ्यावरची जाळी

मागच्या अंगणातल्या तळ्यावर एका बगळ्याचा डोळा आहे हे कळलं आणि सूनबाईंनी कंबर कसली. तळं कसलं, सासऱ्यांनी नोकरी संपल्यावर हौसेने खणलेला न्हाणीघराएवढा खड्डा. पण त्यात सोनेरी मासे होते. सासऱ्यांना आताशा धूसर दिसायचं, तरी पाण्यात बोटं बुडवली की मासे येऊन लुचायचे आणि म्हातारा एकटाच हसायचा. तेवढाच त्यांचा विरंगुळा. त्यातले निम्मे मासे बगळ्याने गट्ट केले होते, आणि कोल्हाही येऊन जातो असं शेजारीण सांगत होती.

सूनबाई शिवणकाम करायच्या. त्यांची शिलाई कधी उसवत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. "चार काठ्या रोवून दोरी बांधू," असं नवरा म्हणाला, तेव्हा "तुमची ती तात्पुरती कामं नकोत मला," म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं. नायलॉनची जाळी आणून तळ्याच्या मापाने बेतली, चहूबाजूंनी जाड कापडाचा नेफा शिवला आणि त्यात वाळू ठासून भरली. उघडायला कुठे फट म्हणून ठेवली नाही. बगळा जाळीवर थोडा नाचला आणि हात हलवत परत गेला. सूनबाईंनी ही गोष्ट गल्लीभर सांगितली.

"बाबा, खाणं आता वरूनच टाका. जाळीतून पडतं खाली."

"हो, पडतं की," सासरे म्हणाले.

आज दुपारी वाळलेले कपडे काढायला त्या मागे आल्या, तर सासरे तळ्याकाठी गुडघे टेकून बसलेले. चष्मा पडला असेल असं त्यांना वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, दोन बोटं जाळीत अडकली होती. पाण्यापर्यंत पोचायला घातली असणार. ओढून ओढून दोरा रुतला होता, बोटं सुजून निळी पडली होती. ऊन थेट डोक्यावर होतं.

"कधीपासून बसलायत असे?"

"झाला थोडा वेळ."

"मग हाक नाही का मारायची? मी खिडकीशीच होते."

"तुझं मशीन चालू होतं." मग ते म्हणाले, "म्हटलं, चिडशील."

सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'मी कशाला चिडेन?' हे शब्द ओठांवर आले आणि तिथूनच परत फिरले. सकाळीच चहा सांडला म्हणून त्या केवढ्याने ओरडल्या होत्या. काल नळ उघडा राहिला म्हणून, परवा आणखी कशावरून तरी.

त्या धावत जाऊन कापडाची कात्री घेऊन आल्या. पातं दोऱ्याखाली सरकवलं, तसा सासऱ्यांनी मोकळा हात त्यावर ठेवला.

"कापू नकोस गं. सुटतील बोटं हळूहळू. एवढं छान शिवलंयस."

सूनबाईंनी तो हात बाजूला केला आणि दोरा कापला. बोटं सुटली, तरी त्या थांबल्या नाहीत. थेट नेफ्यापर्यंत जाळी कापत गेल्या, वाळू भसाभसा पाण्यात पडली. सासरे बोटं चोळत म्हणत होते, "माझ्यामुळे वाया गेलं सगळं." मान वर करून त्यांच्याकडे बघायची सूनबाईंची हिंमत नव्हती, म्हणून त्या कापतच राहिल्या.