साठ बायका, दोन बिल्ले

सकाळचे सात वाजले होते. पाणीगेटजवळच्या जगतापांच्या घरात रोजच्यासारखे दोन डबे भरले जात होते. सुनंदाबाई पोळ्या लाटत होत्या आणि त्यांची सून लीला डब्यात शेपूची भाजी घालत होती. शेपूच्या वासाने तिला हल्ली मळमळायचं, पण ती तोंडातून ब्र काढत नव्हती. लग्नानंतर चार वर्षांनी दिवस गेले होते, पाचवा महिना लागला होता. नवरा विहंग अंकलेश्वरला नोकरीला, फक्त रविवारी घरी यायचा, आणि आला की दर तासाला काय हवं-नको विचारून तिला भंडावून सोडायचा.

सुनंदाबाईंनी तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला. लीलाने दोन घोट घेतले आणि पेला बाजूला सरकवला.

"नको आई. कारखान्यात पंचाईत होते."

पंचाईत कसली, हे सुनंदाबाईंइतकं कोणाला माहीत असणार?

सासू-सून दोघी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, धवलभाईंच्या शिवणकारखान्यात कामाला होत्या. लीला मशीनवर, सुनंदाबाई तिच्याच लाइनच्या सुपरवायझर. तिथे 'साजवेल' या ब्रँडचे कुडते शिवले जात. साजवेलची दुकानं काय वर्णावीत! दारात तुळस, आत मंद सनई, आणि प्रत्येक कुडत्याला एक चिठ्ठी, 'सन्मानाने शिवलेले'. चिठ्ठी वाचली की गिऱ्हाइकाला आपणही काही पुण्य केल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता हा सन्मान कसा ते ऐका. सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला दोन पिवळे बिल्ले टांगलेले असत. संडासला जायचं तर बिल्ला मागायचा, गळ्यात घालायचा, आल्यावर परत द्यायचा. दोन्ही बिल्ले बाहेर असतील तर तिसरीने जागेवरून उठायचं नाही. साठ बायका आणि दोन बिल्ले. बायकांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पोटात कळा येत, लघवीला जळजळ होई, पण सांगायचं कोणाला? सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही, असलं ते दुखणं.

धवलभाई राक्षस होते म्हणावं, तर तसंही नाही. दिवाळीला मिठाईचे डबे वाटायचे, कोणाच्या घरी लग्न असलं तर स्वतः जायचे. पण साजवेलचा एक विभाग माणुसकीची पत्रकं छापायचा आणि दुसरा विभाग फोन करून महिन्याचं काम पंधरवड्यात मागायचा. पुरं झालं नाही तर काम दुसरीकडे देऊ, अशी तंबी वर. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्या तंबीतून हे बिल्ले निघाले, आणि ते सांभाळायला बसवली बायकांतलीच एक बाई.

सुनंदाबाई सुपरवायझर झाल्या तेव्हा लाइनीत कुजबुज झाली होती, की आता काय, सुनेची चंगळ. ती त्यांच्या जिव्हारी लागली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःशी नेम केला, घरच्या माणसाला सवलत नाही. लीलाचा नंबर शेवटचा. न्यायाने वागण्याचा त्यांना अभिमान होता, आणि माझ्या मते इथेच त्या चुकल्या. कारण ज्या न्यायाची किंमत दुसऱ्याच्या पोटातलं लेकरू भरतं, त्याला न्याय कोणी म्हणावं?

त्या दिवशी माल रवाना व्हायचा होता. अकराच्या सुमाराला लीला टेबलाशी आली. एक बिल्ला खिळ्याला होता, पण मागे लाइनीतलीच नयना उभी होती आणि सगळी लाइन बघत होती.

"आधी नयनाबेनला जाऊ दे," सुनंदाबाई म्हणाल्या. "तू बस."

लीला जाऊन बसली. दुपारी तीनला पुन्हा आली, तेव्हा त्या म्हणाल्या, थोडं थांब, लाइन अडेल. असं एक दिवस नाही, दीड महिना चाललं होतं. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात लीला कुडकुडत होती. सुनंदाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि रिक्षा तशीच दवाखान्याकडे वळवायला सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लघवी दाबून ठेवायची सवय आहे का हिला? पाणी पीत नाही का? जंतुसंसर्ग किडनीपर्यंत गेला होता, ताप उतरत नव्हता. सुनंदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी मूल गेलं. मुलगी होती.

घरी आल्यावर लीला सासूशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, रडली नाही. ताट वाढलं की जेवायची, गोळी हातावर ठेवली की घ्यायची. विहंगने आईला एकदाच विचारलं, तुला माहीत होतं ना? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते सुनंदाबाईंना आपल्याच घरात कळलं.

आठवड्याने त्या कामावर गेल्या. पोट कोणाला सुटलंय? त्याच वेळी साजवेलकडून कारखान्याची तपासणी जाहीर झाली होती. कारखान्याला हा सण नवा नव्हता. आदल्या दिवशी बिल्ले कपाटात जायचे, संडासात साबण यायचा, आणि सुनंदाबाई बायकांकडून उत्तरं पाठ करून घ्यायच्या. कामाचे तास किती? आठ. पाणी मिळतं का? हो. संडासला कधीही जाता येतं का? हो, कधीही. या वेळीही त्यांनी ती पाठ करून घेतली. धवलभाईंनी केबिनमध्ये बोलावून लीलासाठी फळांची पिशवी दिली, त्यांचेही डोळे भरून आले होते. एवढी तपासणी निघू दे, बेन, मग सगळं बरोबर करू, असं ते म्हणाले. असं ते मागच्या वर्षीही म्हणाले होते.

तपासणीला पुण्याहून आकांक्षा नावाची मुलगी आली. तिशीची असेल, पण डोळ्यांखाली काळं. त्या आठवड्यातला तिचा हा चौथा कारखाना. तिने एकेकीला बंद खोलीत बोलावलं, फॉर्म पुढे ठेवला, खुणा करत गेली. सगळ्यांची उत्तरं एकसारखी. शेवटी सुनंदाबाई आल्या.

"काकू, संडासला कधीही जाता येतं?"

ही उत्तरं शिकवणाऱ्या त्याच.

"नाही," त्या म्हणाल्या. "बिल्ला लागतो. बिल्ले माझ्याकडे असतात. मी माझ्या पोटुशी सुनेला दिला नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, न रडता, भाजीचा भाव सांगावा तसं. आकांक्षाने पेन खाली ठेवलं.

"मी हे लिहिलं तर काम बंद होईल, काकू. साजवेल दुसरा कारखाना बघेल. साठ जणी घरी बसतील. लिहू का?"

सुनंदाबाईंना पहिल्यांदाच राग आला.

"ते मला विचारू नका. साठ जणींचं पोट माझ्या पदरात टाकून तुम्ही मोकळ्या व्हायचं, असं कसं? लिहा. आणि खाली हेही लिहा, की काम काढून घेऊ नका. मुदत वाढवून द्या, बिल्ले बंद करा. पळून जाणं सोपं असतं, बाई."

आकांक्षाने सगळं लिहिलं. त्या मुलीला दोष देणार नाही मी. पण वर बसलेल्यांनी अर्धंच वाचलं. दहा दिवसांत काम बंद झालं. 'आमच्या मूल्यांशी तडजोड नाही' असं साजवेलने जाहीर केलं आणि त्याचं कौतुकही झालं. मुदत कमी कोणी केली होती, ते कोणी विचारलं नाही.

रविवारी पंधरा-वीस बायका सुनंदाबाईंच्या दारात आल्या. पुढे नयना होती. तुमच्या घरचं दुःख होतं, आमच्या चुलीत पाणी का ओतलंत, असं ती ओरडून विचारत होती. सुनंदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, हात जोडून.

आतून लीला आली. महिनाभराने ती घराच्या दाराशी आली होती.

"घरचं दुःख नव्हतं ते, नयनाबेन. त्या दिवशी तुम्हीही सकाळपासून थांबला होतात. मला माहितेय, मी मागे वळून बघितलं होतं."

नयनाच्या मागे कोणीतरी डोळ्याला पदर लावला. लीला दाराची चौकट धरून उभी होती. ती म्हणाली, काम परत मागू, सगळ्या मिळून मागू, पण होतं तसं नाही मागायचं. साजवेलला पत्र लिहू, धवलभाईंनाही सही करायला लावू. ते करतील का, अशी शंका एकीने काढली. नाही केली तर नाही, आपण करू, असं लीलाने सांगितलं.

बायका घरात आल्या, मिळेल तिथे बसल्या. विहंगने कागद आणला. अक्षर सुनंदाबाईंचं चांगलं, म्हणून कागद त्यांच्यापुढे आला. त्यांनी पेन हातात घेतलं आणि सुनेकडे न बघता विचारलं, माझं नाव घालू का यात? की नको?

"घाला, आई," लीला म्हणाली. किती दिवसांनी ती आई म्हणाली होती. "सगळ्यात वर घाला. आणि मला काय म्हणालात, ते आधी लिहा."

विहंग पुढे झाला, कशाला आता ते, असं म्हणू लागला. लीलाने त्याला हाताने थांबवलं. सुनंदाबाईंना दोनदा कागद बदलावा लागला. तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'मी, सुनंदा लक्ष्मीकांत जगताप. तुमचे कपडे वेळेत व्हावेत म्हणून मी माझ्या सुनेला म्हणाले, तू बस.'